जावेचं मशीन

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, त्याबद्दल माफी असावी. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हते. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही, तरी माफी मागते, कारण कुठेही शिरताना आधी माफी मागायची मला सवयच आहे. बोलायला गेलं की शब्द पुढेमागे होतात. लिहिताना तसं होत नाही. मला जे झालं होतं त्याला आमच्याकडे सरळ जळणं म्हणतात. मी माझ्या जावेवर जळत होते.

आमचं गॅरेज वाघोलीत आहे, मोठ्या रस्त्यापासून आत. पुढे पत्र्याची शेड, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये पडवी. शेडमध्ये गिऱ्हाइकं असतात म्हणून मी तिकडे फारशी जात नसे. पण पडवी माझी होती. आमचे हे लग्नाआधी शहरात एका गॅरेजात शिकले, नंतर इथे स्वतःचं टाकलं. यांना बोलण्याचं वावडं. जेवताना नाही, झोपताना नाही, पाहुणे आले तर मुळीच नाही. बोलत ते फक्त इंजिनाचं हेड पडवीत आलं की.

गाडी जुनी झाली की इंजिनाच्या आत काजळी धरते. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशीच, पण फार चिवट. गॅरेजवाले तिला कार्बन म्हणतात. मग गाडी चढाला खडखडते, पेट्रोल जास्त पिते, उभ्या जागी थरथरते. त्यासाठी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवायचं, वाल्व्ह काढायचे आणि सगळं रॉकेलमध्ये नाहीतर डिझेलमध्ये भिजत घालायचं. पुढचं काम माझं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्याला लोखंडी पातं लावलं तर ओरखडे पडतात. म्हणून मी बांबूची चपटी कामटी करून घेतली होती. कामटीने खरवडायचं, पितळी ब्रशने घासायचं, फडक्याने पुसायचं. वाल्व्ह दिसायला मोठ्या डोक्याच्या खिळ्यासारखे. जो ज्या जागेवरचा त्याच जागेवर परत बसला पाहिजे, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ओळीने उभे करून ठेवायचे.

हे सगळं संध्याकाळी चालायचं. हे समोर बसायचे, मी इकडे. मधे रॉकेलचं घमेलं. हात काळे झाले की यांची जीभ सुटायची. कुठल्या गिऱ्हाइकाने काय घासाघीस केली, शहरातल्या उस्तादाने यांना पहिल्या दिवशी कसं नुसतं नटबोल्ट धुवायला बसवलं होतं, यांचे वडील कसे गेले. यांच्या वडिलांबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं त्या घमेल्यापाशी कळलेलं आहे. सासूबाई म्हणायच्या, "नवराबायको सिनेमाला जात्यात, ही दोघं काजळी काढीत बसत्यात." मला सिनेमाला जायचंच नव्हतं.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं.

जाऊ डिप्लोमा झालेली. खराडीला एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची. आमचे दीरही तिकडेच एका ऑफिसात, रात्रपाळीला. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात ती घरी आली. मी मनात म्हटलं, बरं झालं, भाकरी थापायला दोन हात वाढले. पण ती चौथ्याच दिवशी शेडमध्ये जाऊन उभी राहिली आणि यांना म्हणाली, "दादा, हेड न उतरवता कार्बन काढायचं मशीन मिळतं. पाण्यापासून गॅस तयार करतं. इंजिन चालू ठेवायचं, हवेच्या पाइपातून गॅस आत सोडायचा. आतला कार्बन मऊ पडून जळतो आणि सायलेन्सरवाटे निघून जातो. अर्ध्या-पाऊण तासात गाडी मोकळी."

"महाग असेल," हे म्हणाले.

"माझा पीएफ आलाय. मी घालते. सवडीने फेडा."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. आमच्यात नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, म्हणजे भायाशी, धाकटी सून फार अदबीने वागते. सासूबाईंच्या काळी तर सुना भायाच्या कानावर आवाजसुद्धा पडू द्यायच्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "बग गं बाई. भायाम्होरं डोईवर पदर न्हाई, आन् वर त्याला पैसं देती."

हेही जुन्या वळणाचेच. कामापलीकडे जावेला थेट कधी काही म्हणत नसत. तिने केलेल्या भाजीत मीठ जास्त पडलं तर मला सांगत, "तिला सांग, मीठ बेताने." ती तिथेच परात घेऊन उभी असायची. मी मान वळवून सांगायची, "मीठ बेताने म्हणतात." ती म्हणायची, "ऐकलं मी, ताई."

मशीन आलं. कपाटाएवढं, पुढे काचेची नळी, तिच्यात पाण्याचे बुडबुडे. त्याच्याशेजारी निळी प्लास्टिकची खुर्ची आली आणि खुर्चीवर जाऊ आली. पुढच्या आठवड्यापासून गाड्या यायला लागल्या. खराडीतली पोरं सकाळी गाडी लावायची आणि दुपारी घेऊन जायची. हेड उतरवायची कोणाला गरज उरली नाही. माझं घमेलं भिंतीला पालथं पडलं.

मला आधी वाटलं, बरं झालं, सुटले. पण थोड्याच दिवसांत मी खिडकीच्या फटीतून शेडकडे बघायला लागले. हे वाकून तिला काहीतरी दाखवायचे, ती विचारायची, हे सांगायचे. हसायचेसुद्धा. दिवसाउजेडी, कपडे स्वच्छ असताना, कोणाचाही हात काळा नसताना हे बोलत होते. आपल्या नवऱ्यावर मी वाईट संशय घेतला नाही, तसलं काही नव्हतंच आणि ते मला पक्कं माहीत होतं. संशय असता तर भांडता तरी आलं असतं. मला तिची खुर्ची सलत होती. यांचं बोलणं म्हणजे माझा वाटा होता, आणि तो तिला फुकटात मिळत होता.

मी चहा घेऊन जायला लागले. याआधी कप उंबऱ्यावर ठेवून हाक मारायची. आता आत जाऊन उभी राहायची. हे दोघं बोलत असायचे, सेन्सर, स्कॅनर, कसलेकसले शब्द. मी आले की जाऊ उठायची, "ताई, बसा ना." मी म्हणायची, "नको, चूल पेटती आहे." आमच्याकडे गॅस आहे. तिलाही ते ठाऊक होतं, पण ती कधी हसली नाही. तिने हसायला हवं होतं. मग तिला नावं ठेवता आली असती.

माझ्या नखांतला काळेपणा हळूहळू गेला. संक्रांतीला कासारीण बांगड्या भरताना म्हणाली, "हात कसे मऊ पडले गं, सासूने कामाला बाई ठेवली का?" बायका हसल्या. घरी येऊन मी हात बघत बसले. ते कोणा दुसऱ्याच बाईचे वाटत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच बसलं. तिचे पैसे फेडायचे. पैसे फिटले की मशीन आमचं होईल आणि मग तिने त्या खुर्चीवर बसायला काही कारण राहणार नाही. मी यांच्या मागे लागले.

"या महिन्याचे दिले का तिला?"

"देऊ. घरातलेच आहेत."

"घरातले म्हणून काय झालं? तिचे आहेत."

"ती मागत नाही, तू का मागतेस?"

मी किराण्यात काटकसर सुरू केली, चहात दूध कमी झालं. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो च्या हाय का रंगपंचमी?" हे मात्र दर महिन्याला थोडे थोडे द्यायला लागले. मला आत कुठेतरी गार वाटायचं.

अशात एक दिवस शनिवार पेठेतले एक निवृत्त मास्तर आले. हे शहरात होते तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. एवढ्या लांब वाघोलीला येऊन "तुमच्याकडे स्वस्त पडतं असं नाही, पण दुसरे लोक जास्त फसवतात," असं तोंडावर म्हणायचे. गाडी त्यांच्याइतकीच जुनी. जावेने ती मशीनवर घ्यायचं ठरवलं आणि मास्तरांना संध्याकाळी या म्हणून सांगून टाकलं.

हे जेवायला आत आले. घास हातात धरून म्हणाले, "त्या गाडीला मशीन नको लावायला. तेल जाळते ती. आत नुसत्या खपल्या धरल्या असणार. सुटल्या तर सायलेन्सरपर्यंत जायच्याच नाहीत, वाल्व्हखाली अडकून बसतील. तू सांग तिला."

"मी? दिवसभर तर तुम्ही दोघंच बोलता."

"ते कामाचं. चूक कशी काढू? धाकट्याची बायको आहे. गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसली, आता भायाने तिला टोकायचं म्हणजे बरं दिसतं का?"

मला हसू आलं, पण चांगलं हसू नव्हतं ते. "मग नका टोकू. मला गॅरेजातलं काय कळतं? मी मीठ बेताने एवढंच सांगू शकते."

यांनी ताटात हात धुतला आणि उठले. मला वाटलं, जाऊन सांगतील. नाही सांगितलं. हे दुसऱ्या गाडीखाली शिरले आणि जावेने मशीन चालू केलं. मी खिडकीतून बुडबुडे बघत होते.

मशीन बंद केलं तेव्हा गाडी एका बाजूने मेल्यासारखी धडधडायला लागली. चारातला एक सिलिंडर कामच करत नव्हता. संध्याकाळी मास्तर आले, उभ्या उभ्या आवाज ऐकला आणि म्हणाले, "मी आणली तेव्हा ही खोकत होती, पण चालत होती. आता खोकतही नाही आणि चालतही नाही. यालाच आपण सर्व्हिस म्हणता का?"

जाऊ काहीतरी सांगायला लागली.

"राहू द्या हो. आपलं मशीन पाण्यावर चालतं, आणि आमची गाडी पाण्यात गेली. मी बसने जातो. ती निदान जुनी असून चालते."

मास्तर गेले. आणि मी खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले. हेड उतरणार. घमेलं सरळ होणार. मी रॉकेलचा डबा शोधून ठेवला, कामटी धुतली.

दुसऱ्या दिवशी यांनी हेड पडवीत आणलं. एक वाल्व्ह उचलून त्याच्या काठाखालून कार्बनची खपली काढली, तांदळाच्या कणीएवढी. ती तळहातावर घेऊन मला दाखवली. "बघ. एवढ्याशाने वाल्व्ह मिटत नव्हता." जाऊ खांबाशी उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला आधीच माहीत होतं का असं होईल?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, व्हायचं ते झालं."

"ताईंना कशाला सांगता? मी इथेच आहे." तिचा आवाज चढला होता. "चुकत असेन तर चुकतेस म्हणा. भाया आहात म्हणून मला लोकांच्या गाड्या बिघडवू द्याल का? मला थेट बोला, दादा."

सासूबाईंच्या हातातलं निवडायचं सूप खाली टेकलं. यांनी तळहातावरची खपली फडक्याला पुसली. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "चुकलं तुझं. तेल जाळणारी गाडी मशीनवर घ्यायची नाही. धूर बघायचा आधी." वाल्व्ह खाली ठेवून म्हणाले, "आणि मी सांगितलं नाही, ते माझं चुकलं."

"बरं," ती म्हणाली.

इतकंच. पण मला कोणीतरी ढकलून बाजूला केल्यासारखं झालं. इतकी वर्षं हा माणूस घरात ज्याला जे बोलायचा ते माझ्यामार्फत. आईला, भावाला, जावेला. तिला सांग, त्याला सांग. मला तेव्हा कंटाळा यायचा, पण ते काम माझं होतं. खुर्चीबद्दल मी जळत होते, तोवर तिने उभ्या उभ्या माझ्या हातातलं तेही काढून घेतलं. आणि ज्या सुरात तिने मागितलं, त्या सुरात मी यांच्याकडे आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा मागितलेला नाही.

हे हेडखाली घालायचं गॅस्केट आणायला शहरात गेले. जाऊ ओढणी खोचून घमेल्यापाशी बसली. यांच्या जागेवर.

"दाखवा, ताई. कसं करायचं?"

मला वाटलं होतं तिला जमणार नाही. नखं मोडतील, वास सहन होणार नाही, उठून जाईल. मी मुद्दाम सगळ्यात घाण वाल्व्ह तिच्या हातात दिला. तिने कामटी फिरवून बघितली, धार कुठल्या बाजूला आहे ते अंगठ्याने चाचपलं आणि लागली कामाला. पहिला वाईट केला. दुसरा बरा केला. तिसरा माझ्यासारखा.

मग वाल्व्ह त्यांच्या जागेवर बसवून घासायचे असतात. काठाला वाल्व्ह घासायची बारीक रवाळ पेस्ट लावायची, वाल्व्हला टोकाशी रबरी वाटी असलेली काठी चिकटवायची आणि दोन तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची, ताक घुसळतात तशी. आधी खरखर येते, ती बारीक होत होत जाते. थांबायचं कधी ते कानाने कळतं. ते शिकायला मला पहिल्या वेळी दोन संध्याकाळी लागल्या होत्या. ती डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आता थांबू ना?" थांबायचीच वेळ होती. मी "अजून थोडं" म्हणणार होते. तोंडातून "हो" निघालं.

"दादा इथे बसून बोलतात म्हणे तुमच्याशी," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"सासूबाई. म्हणतात, दोघं सिनेमाला जायची नाहीत, इथेच बसायची." तिने काठीची रबरी बाजू पुसली. "शेडमध्ये ते फक्त गाडीचं बोलतात. मी एकदा विचारलं, तुमचे वडील कसे होते. तर म्हणाले, दहाचा पाना दे."

मी पुढचा वाल्व्ह घेतला. तीच पुढे म्हणाली, "आमचे हे रात्रपाळीहून सकाळी येऊन झोपतात. मी शेडमध्ये जाते तेव्हा झोपलेले, मी परत येते तेव्हा ऑफिसला निघालेले. घरात बसून त्यांचं घोरणं ऐकण्यापेक्षा मशीनचे बुडबुडे बरे."

मला तिचं वाईट वाटलं. त्याआधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं होतं, तेही लिहायला हवं. पण जळणं गेलं नाही. मला वाटलं होतं अशा वेळी ते जात असेल.

हे परतले. हेड उलटं धरून त्यात रॉकेल ओतलं आणि वाल्व्हखालून थेंब येतो का बघितलं. एकही आला नाही. "कोणी घासले?"

"अर्धे ताईंनी, अर्धे मी."

यांनी वाकून एकेक नीट बघितला. "कोणते कोणाचे, काही कळत नाही."

हे खूश होऊन म्हणाले होते. माझ्या पायाखालची पडवी सरकली. नंतर मी भांडी जोरात घासली, इतकंच मला करता आलं.

मास्तर गाडी न्यायला आले. रस्त्यावर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "खोकला गेला हिचा." मग बिलाचा कागद डोळ्यांपासून लांब धरून, "आता मला लागेल." पैसे मात्र तिथल्या तिथे दिले, आणि जाताना जावेला म्हणाले, "आपल्या मशीनचा राग नाही हो. लांबून बघायला छान आहे."

त्यानंतर तेल जाळणारी गाडी आली की हेड पडवीत यायचं, बाकीच्या मशीनवर जायच्या. पडवीत कधी हे बसायचे, कधी ती. हे बसले की बोलायचे, पूर्वीसारखेच. मी ऐकायची, पण एक कान शेडकडे असायचा.

पैसे फेडायचा माझा ध्यास सुटला नाही. गल्लीतल्या बायकांची भिशी आहे, त्यात मी कपाटासाठी पैसे घालत होते. पावसाळ्यानंतर चिठ्ठी माझी निघाली. बायका म्हणाल्या, आरशाचं घे. मी पदराला बांधून घरी आणले आणि यांच्यापुढे ठेवले. "उरलेले सगळे आजच देऊन टाका तिला."

"हे कपाटाचे ना?"

"द्या म्हणते ना."

मी एवढ्या मोठ्याने बोलले की आतून सासूबाई बाहेर आल्या. रविवार होता, दीर घरी जागे होते. यांनी पैसे जावेच्या हातात दिले, थेट. "मोजून घे."

तिने मोजले, कपाळाला लावले. "फिटले, दादा. सगळे फिटले."

मी थांबून राहिले. आता ती म्हणेल, मी दुसरीकडे नोकरी बघते. किंवा म्हणेल, आता घरात लक्ष घालते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझे पैसे अडकलेत तोवर पगार मागायला बरं वाटत नव्हतं. उद्यापासून मला पगार लावा."

दीर हसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं बया." आणि हे, सवयीने, माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार तिला, किती?"

ती समोर उभी होती, मी विचारायची काहीच गरज नव्हती. पण मी तिच्याकडे मान वळवली. "किती म्हणतात."

तिने सांगितला. मी यांना सांगितला. हे जास्त आहे म्हणाले. मी म्हटलं, "जास्त नाही. आणि पडवीतल्या कामाचे माझेही धरा." हे भावाकडे बघायला लागले, म्हणून मी परत म्हटलं, "माझेही."

जावेने पैसे पर्समध्ये ठेवून चेन लावली. तिचं आमच्याकडे काही येणं राहिलं नाही.